इलेक्ट्रिक गाडी आमच्या घराला मानवेल का? (बांदोडे ते पणजी, रोजची ये-जा)

तुळशीवृंदावन | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल गाडी बारा वर्षांची झाली. दिवाळीत रेडिएटर गेला, गेल्या आठवड्यात क्लच. आता तिच्यात आणखी पैसे घालायचे नाहीत, एवढ्यावर घरात एकमत आहे. पुढचं अडलंय. मुलगा म्हणतो घ्यायची तर इलेक्ट्रिकच. ह्यांचा एकच प्रश्न, "पुण्याला कशी जाणार?" सासूबाईंना धास्ती की पावसात गाडीला हात लावला तर शॉक बसेल. तिघांचं ऐकून ऐकून मला काही सुचेनासं झालंय.

आमचं सगळं सांगते, म्हणजे सल्ला नेमका मिळेल. घर बांदोड्याला, जुनं, चिऱ्यांचं. पुढे अंगण आणि गाडीपुरता पत्र्याचा मांडव. मी पणजीला एका कार्यालयात हिशेब बघते, जाऊन-येऊन ५६ किलोमीटर. आठवड्यातून दोनदा फोंड्याला बाजार आणि मुलाचा क्लास. मधूनमधून म्हापशाला आईकडे. चवथीला सत्तरीत केरीला मूळ घरी. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, पुण्याला नणंदेकडे.

शोरूमवाले छान बोलतात, पण ते विकायला बसलेत. वापरणाऱ्यांनी सांगावं. ज्यांनी विचार करून नको म्हटलं त्यांचंही ऐकायचं आहे.


मांडवीकाठ | १२ जानेवारी

बाय, मी नको म्हटलेल्यांपैकी. रायबंदरला राहतो, निवृत्त आहे. आम्हा दोघांची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटरच्या वर जात नाही. मासळी, बँक, देऊळ, आणि कधी दिवाडीला बहिणीकडे फेरीबोटीने.

तू हिशेबातली आहेस, तर हे बघ. लिटरला १५ किलोमीटर धरले तर मला महिन्याला २० लिटर पेट्रोल लागतं. ९६ रुपये दर धरून १,९२० रुपये. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक गाडी साधारण ४५ युनिटमध्ये काटते. युनिटला वरच्या स्लॅबचे सहा रुपये धरले तरी २७० रुपये. म्हणजे महिन्याला वाचले १,६५०. मी पाहिलेल्या दोन गाड्यांत, पेट्रोल आणि इलेक्ट्रिक, फरक साडेतीन लाखांचा होता. तो भरून निघायला सतरा-अठरा वर्षं लागतील. माझं वय एकाहत्तर.

तुझं गणित वेगळं येईल, कारण तू माझ्या पाचपट फिरतेस. पण अंदाजाने ठरवू नकोस. आपण किती फिरतो हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या दिवसाचा आकडा लिही, चार आठवडे. ज्या दिवशी जास्त झाले त्या दिवशी का झाले, तेही लिही. मग परत इथे ये.


वायरमन_डिचोली | १३ जानेवारी

ताई, लोक पहिला प्रश्न विचारतात गाडी किती पळते. मी पंचवीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, आणि मी विचारतो रात्री गाडी झोपते कुठे. तुमच्याकडे मांडव आहे, मीटर घराच्या पुढच्या भिंतीवर असेल, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं अर्थिंग, म्हणजे घरच्या वायरिंगची जमिनीशी जोडणी.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यात बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी अर्थ तपासतो. अर्थ नीट नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. मग लोक शोरूमला फोन करून भांडतात, आणि दोष असतो आपल्या अंगणात. आपली जमीन जांभ्याची. पावसात जांभा पाणी धरतो तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये तोच जांभा कोरडाठाक होतो आणि अर्थिंगची तार जमिनीत असून नसल्यासारखी. जुन्या घरांत तर कित्येकदा नळाच्या पाइपला नाहीतर विहिरीजवळ ठोकलेल्या सळीला वायर बांधलेली सापडते.

तपासायचं कसं? व्होल्ट मोजायचा मीटर लावून फेज आणि न्यूट्रलमध्ये बघा, २३०च्या आसपास यायला हवं. मग फेज आणि अर्थमध्ये, तेही जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. हे घरातला गिझर किंवा इस्त्री चालू ठेवून बघायचं, मोकळ्या लाइनवर नाही. फेज-अर्थमध्ये १७०-१८० दिसले तर अर्थिंगचा खड्डा नवा करावा लागेल: खोल खणून, कोळसा-मीठ नाहीतर तयार केमिकलची पिशवी घालून, वर पाणी घालायला तोंड ठेवून. आणि आता जानेवारीत चांगलं आलं म्हणून निश्चिंत राहू नका. एप्रिलच्या शेवटी परत बघा.

दुसरं सॉकेट. १५ अँपिअरवर गिझर दहा मिनिटं चालतो, गाडी आठ-आठ तास ओढते. एका घरी बोलावलं होतं, त्यांनी वॉशिंग मशीनच्या सॉकेटला गाडी लावलेली. प्लग काढला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलेलं, आणि पीन बोटाने हलत होती. आणखी आठवडाभरात पेटलं असतं. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी लाइन, चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की लाइन तोडतो तो) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडतो तो), आणि शेवटी इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. मंजूर भार कमी असेल तर वीज खात्यात अर्ज करून वाढवून घ्या. काम परवानाधारक माणसाकडूनच करा, मग तो मी असो वा दुसरा कोणी.


आकें_चौथा_मजला | १३ जानेवारी

वायरमनबाबांनी लिहिलंय त्याची दुसरी बाजू सांगतो. मडगावला सोसायटीत राहतो, चौथ्या मजल्यावर. पार्किंग खाली, माझ्या नावावर. दीड वर्षापूर्वी गाडी घेतली ती याच समजुतीने की माझ्या मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत वायर मी माझ्या खर्चाने आणणार, त्यात कोणाची हरकत कशाला असेल?

हरकत निघाली. आधी "बैठकीत ठेवू", मग "आगीचा धोका", मग "एकाला दिलं तर सगळे मागतील". सात महिने यातच गेले, परवानगी अजूनही नाही. मी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. घरी किंवा ऑफिसात आपल्या आहे त्याच जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. नव्या इमारतींत वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवावं, असा बदल केंद्राने २०१९मध्ये आदर्श बांधकाम नियमांत केला, तेही दाखवलं. पण आमची इमारत १९९८ची, आणि कागद दाखवून शेजाऱ्यांची भीती जात नाही.

तेव्हापासून मी बाहेरच्या फास्ट चार्जरवर. युनिटला बावीस रुपयांच्या आसपास. महिन्याला बाराशे किलोमीटरला पावणेचार हजार गेले. पेट्रोलला साडेसात हजारांच्या वर गेले असते, म्हणजे नुकसान नाही. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर चार्जरपाशी बसायचं, आधी कोणी लावून गेलेलं असेल तर दीड तास. मुलगी तेव्हा दहावीला होती. त्या संध्याकाळी मला घरी हव्या होत्या, पैशापेक्षा त्याचं वाईट वाटतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हात जोडून सांगतो, सोसायटीची परवानगी लेखी हातात आल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. तुम्हाला अंगण आहे, ताई. ते फार मोठं भाग्य आहे.


घाटवाट | १४ जानेवारी

पुण्याच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे आहे. मी साखळीला राहतो. धंद्यानिमित्त दर आठवड्याला चोर्ला घाट चढून बेळगावला जातो, आणि दोन वर्षांत पाच वेळा पुण्यालाही इलेक्ट्रिकने गेलोय. माझी बॅटरी ४० युनिटची. (गाडीच्या कागदावर किलोवॅट-तास लिहितात ते आपल्या वीजबिलातलंच युनिट.)

आधी घाट, कारण घाटाची भीती उगाच जास्त आहे. माणसांसकट गाडी १,७०० किलोची धरा आणि चढ ७०० मीटरचा. एवढं वजन एवढं उंच न्यायला शाळेतल्या सूत्राने सव्वातीन युनिट लागतात. म्हणजे सपाट रस्त्याच्या खर्चावर माझ्या बॅटरीचे जास्तीचे आठ टक्के. उतरताना मोटर उलटी चालून त्यातले अर्ध्याहून जास्त परत देते, ब्रेकला पाय क्वचित लावावा लागतो. एकच लक्षात ठेवा. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला निघू नका. भरलेल्या बॅटरीला आणखी घ्यायला जागा नसते, मग ते ब्रेकिंग कमी होतं आणि पायाखाली गाडी वेगळीच लागते.

खरा खर्च घाटात नाही, हायवेवर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ने जाताना मला २६० किलोमीटर मिळतात, १०० ने गेलो की २१० वर येतं. कंपनीचा कागदावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. त्याचे दोन-तृतीयांश धरा, म्हणजे फसगत होत नाही.

पणजी-पुणे ४५० किलोमीटर. माझ्या गाडीला वाटेत दोन थांबे लागतात, प्रत्येकी पाऊण ते एक तास. जेवण आणि चहा त्यातच होतो. चार्जर ८० टक्क्यांपर्यंतच जोरात भरतो, पुढे मंदावतो, म्हणून शंभरपर्यंत थांबण्यात हशील नाही.

पण एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या फेरीत रात्री साडेनऊला एका ढाब्यावर पोहोचलो, अकरा टक्के उरलेले. ॲपवर चार्जर हिरवा, समोर स्क्रीन काळी. ढाब्यावरचा पोरगा म्हणाला, "दुपारपासून बंद हाय." पुढचा चार्जर बावीस किलोमीटरवर. एसी बंद, काचा खाली, ताशी चाळीसने गेलो. बायको शेजारी बसून टक्के मोजत होती, मागे आई झोपलेली. तीन टक्क्यांवर पोहोचलो. तेव्हापासून मी पंचवीस टक्क्यांच्या खाली हायवेवर जात नाही, आणि ॲपमध्ये नुसता हिरवा रंग न बघता शेवटचं चार्जिंग किती वाजता झालं ते बघतो. आजच कोणी भरून गेलं असेल तर चार्जर जिवंत आहे.

आणि खरं सांगू? वर्षाला दोन-तीनदा पुणे एवढंच असेल तर त्यासाठी मोठी बॅटरी घेऊ नका. रात्रीची बस आहे, वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळेवरून पुण्याला जाते. त्या तीन प्रवासांसाठी दीड-दोन लाख जास्त मोजून उरलेले ३५५ दिवस ते वजन घेऊन पणजीला ये-जा कशाला? पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत उभा गोवा कापला तरी दीडशे किलोमीटर होत नाहीत.


पेडण्याची_वाट | १४ जानेवारी

टॅक्सी चालवतो, मोपा विमानतळावर उभा असतो. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे इलेक्ट्रिक टॅक्सी, घ्यावी असं मलाही फार वाटलं, कारण जो जास्त फिरतो त्याचे जास्त वाचतात. पण माझा दिवस माझ्या हातात नसतो. सकाळी पाळोळ्याचं भाडं लागलं की एकेरी शंभराच्या आसपास. परत येतो तोच दुसरं दक्षिणेचं. नको कसं म्हणणार? हंगामाच्या चार महिन्यांवर वर्ष काढायचं असतं. अशा दिवशी मधे तासभर चार्जिंगला उभा राहिलो तर नंबर जातो. माझ्या मावसभावाचं भाडं हॉटेलातलं, मोरजी-मांद्रे ते विमानतळ, ठरलेलं. त्याने घेतली, तो खूश आहे. ताई, तुमचा रस्ता ठरलेला आहे. माझा नाही, म्हणून मी अजून थांबलोय.


तुळशीवृंदावन | १५ जानेवारी

एवढ्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. काका, कॅलेंडरवर आजपासून लिहायला घेतलं. वायरमनदादा, सासूबाईंच्या प्रश्नाचं तेवढं सांगा ना. त्या रोज विचारतात.


वायरमन_डिचोली | १५ जानेवारी

आईंना सांगा, भीती रास्त आहे पण ती गाडीसाठी नको, वायरिंगसाठी हवी. चार्जरची गन (गाडीत खुपसायचा प्लग) आणि गाडी एकमेकांशी बोलून, नीट बसल्याची खात्री करून मगच वीज सुरू करतात. ओढून काढायला गेलात तर आधी वीज तुटते. बॅटरीचा डबा सहसा आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाऊ नये असा. पण याचा अर्थ गाडी पुरात घालायची असा नाही, आणि खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतांतल्या) खाऱ्या पाण्यात तर कुठलीच गाडी घालू नये. आमच्या डिचोलीला नदी बाजारात येते तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगतो, गाडी आधी उंचावर न्या. तुमच्याकडे जपायचं ते सॉकेट: मांडवाच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून चांगलं चार फूट वर, झाकणाचं. आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. ते काम आईंकडे द्या, त्यांच्या मनातली भीती निघून जाईल.


काणकोण_बागायत | १७ जानेवारी

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. पावसात लाइट जाते. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे वाऱ्याने फणसाची फांदी तारांवर पडली, दीड दिवस वीज नव्हती, आणि नेमका तेव्हाच वडिलांना मडगावला न्यावं लागलं. गाडीत तीस टक्के होते. पोहोचलो, पण वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी साठ टक्क्यांच्या खाली रात्र काढत नाही. एरवी आठवड्यातून तीनदा लावतो, पावसात रोज.

दुसरं, खाऱ्या हवेचं. या गाडीत ब्रेक फार कमी लागतात म्हणून सगळे कौतुक करतात. पण समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा रस्ता मोकळा बघून दोन-तीनदा चांगला दाबून ब्रेक लावा, डिस्क घासून स्वच्छ राहते.


तुळशीवृंदावन | १५ फेब्रुवारी

कॅलेंडर भरलं. चार आठवडे संपले. आता आकडे सांगते, आणि मांडवीकाठ काकांचे पुन्हा एकदा आभार, कारण माझा अंदाज साफ चुकला होता.

मला वाटायचं मी दिवसाला शंभर तरी फिरते. एकही दिवस शंभरचा नाही. एकूण १,३८४ किलोमीटर, म्हणजे महिन्याला दीड हजार. सगळ्यात मोठा दिवस ९४चा: ऑफिस, तिथून म्हापसा, आईला डॉक्टरकडे नेणं, आणि रात्री फोंड्याला औषधं. चार रविवारांपैकी तीन रविवार गाडी मांडवातून हललीच नाही. आणि रोज संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत, तेरा तास, ती नुसती उभी असते. हे तेरा तास मी कधी मोजलेच नव्हते.

मग काकांचंच गणित माझ्या आकड्यांनी मांडलं. दीड हजार किलोमीटरला शंभर लिटर, ९,६०० रुपये. विजेवर सव्वादोनशे युनिट, साडेतेराशे रुपये. महिन्याला सव्वाआठ हजार वाचतात, वर्षाला जवळजवळ लाख. साडेतीन लाखांचा फरक साडेतीन वर्षांत फिटतो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची. आमच्या वेगाने आठ वर्षांत १,४४,००० होतील, म्हणजे वॉरंटी आधी वर्षांनी संपेल. तिच्यात काय काय बसतं आणि बॅटरी किती टक्क्यांवर उतरली की बदलून देतात, ती कलमं मी शोरूममध्ये बसून वाचली. विकणाऱ्या मुलाने ती स्वतः वाचलेली नव्हती, तोही माझ्यासोबत वाचत बसला.

काल सासूबाईंना घेऊन गाडी चालवून बघितली. एक गोष्ट बसल्याशिवाय कळली नसती. पेट्रोल गाडीच्या सांगाड्यातच बॅटरी खाली बसवलेली असेल तर मागची पाय ठेवायची जागा वर येते. सासूबाई मागे बसल्या तर गुडघे वर आणि मांड्यांना आधार नाही. दहा मिनिटांत त्यांचा पाय भरून आला. पुढच्या सीटवर काही त्रास झाला नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला सोबत नेल्याशिवाय गाडी पसंत करू नका, अर्धा तास तरी बसवा.

ह्यांचं मन वळलं ते मात्र गणिताने नाही. त्यांनी मागच्या पाच वर्षांत आपण पुण्याला किती वेळा गाडीने गेलो ते आठवून बघितलं. अकरा वेळा. त्यातल्या सहा वेळा, घाट रात्रीचा नको म्हणून, बसनेच गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटेत म्हणालो होतो. छोटी बॅटरी, २४ युनिटची, खरी धाव पावणेदोनशेची. बुकिंग केलं.


सूर्यफूल_कुडचडे | १६ फेब्रुवारी

अभिनंदन. छपरावर सौर पॅनेल बसवायचाही विचार करा. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. आमचे तीन किलोवॅट उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशे युनिटच्या वर देतात, जुलैत निम्म्यावर येतात. दिवसा गाडी पणजीत असली तरी बिघडत नाही, नेट मीटरने (छपरावरून दिलेली वीज वजा करणाऱ्या मीटरने) हिशेब बिलात होतो. फक्त माडांची सावली दिवसभर कुठे कुठे फिरते ते बघून मगच पॅनेल ठरवा. आमचा एक माड आड येत होता, त्यामुळे अख्खी रांग छपराच्या दुसऱ्या पाखीवर घ्यावी लागली.


तुळशीवृंदावन | १७ सप्टेंबर

चवथ झाली, आता निवांत लिहिते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी घरी आली, साडेपाच महिने झाले.

वायरमनदादा, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. जानेवारीत रीडिंग उत्तम होतं, म्हणून आमच्या इथल्या माणसाने खड्डा नवा करायची गरज नाही सांगितलं. नऊ मे, रात्री साडेदहा. गाडी लावली आणि चार्जरवर लाल दिवा. काढून परत लावली, तेच. ह्यांनी मीटर लावला, फेज-अर्थ १७४. तुमचा प्रतिसाद फोनवर काढून वाचला आणि विहिरीवरून पाच घागरी पाणी आणून अर्थिंगच्या सळीपाशी ओतलं. जमीन इतकी तहानलेली की पाणी चुर्र करून आत गेलं. वीस मिनिटांनी २१९, दिवा हिरवा. मुलगा बॅटरी, म्हणजे विजेरी, धरून उभा होता, त्याने टाळ्याच वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात खड्डा नवा करून घेतला, आठ फुटांचा, केमिकल घालून, वर पाण्याचं तोंड ठेवून. आता सासूबाई तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तिकडेही घालतात. टेस्टचं बटण त्याच दाबतात, दर संकष्टीला.

गाडीच्या लाइनवर छोटा वेगळा मीटर बसवून घेतला होता, त्यामुळे आकडे पक्के आहेत. ऑगस्टमध्ये १,५०८ किलोमीटरला २३१ युनिट. बिल साधारण चौदाशेने वाढलं. मेमध्ये एसी जास्त लागला आणि जुन्या गोव्याजवळ वाहतुकीत अडकणं झालं, तेव्हा तेवढ्याच अंतराला २४६ लागले. काणकोणकरांचा साठ टक्क्यांचा नियम जूनपासून पाळतोय. जुलैत दोनदा रात्रभर वीज नव्हती, दोन्ही वेळा सकाळी ऑफिसला गेले.

चवथीला केरीला शंभर टक्के भरून निघालो. पंचेचाळीस किलोमीटर, डिकीत माटोळीची (गणपतीच्या वर बांधतात ती) फळं, नारळाची पोती आणि गॅसची शेगडी. तिकडे नातेवाइकांकडे फिरण्यात वीस. मूळ घरी १५ अँपिअरचं एकच सॉकेट, स्वयंपाकघरात, आणि संध्याकाळी सगळ्या वाड्यावर रोषणाई लागली की व्होल्टेज १८०वर. तिथे लावायचा मोहच केला नाही. पाचव्या दिवशी घरी परत आलो तेव्हा ३६ टक्के होते.

पुण्याला मेमध्ये रेल्वेने गेलो. येताना दूधसागराजवळ पहाट झाली नाही याची मुलाला हळहळ वाटली, बाकी प्रवास सुखाचा.


आकें_चौथा_मजला | १८ सप्टेंबर

ताई, तुमच्या वेगळ्या मीटरचा फोटो टाकाल का? आमच्या सोसायटीत आणखी दोघांनी गाड्या घेतल्या आणि गेल्या रविवारच्या वार्षिक सभेत तिघांना मिळून परवानगी दिली. अट एकच, प्रत्येकाची लाइन त्याच्या स्वतःच्या मीटरवरून, आणि काम परवानाधारकाकडून. आणि नोंदींची वही ठेवली असेल तर तीही, अध्यक्षांना दाखवायची आहे.


तुळशीवृंदावन | १८ सप्टेंबर

खूप आनंद झाला. फोटो आणि वहीची तीन पानं खाली जोडते. तारीख, गाडीचे किलोमीटर, मीटरचं रीडिंग, एवढेच रकाने ठेवलेत.


वायरमन_डिचोली | १८ सप्टेंबर

आकेंकर, चौथ्या मजल्यावरून वायर खाली आणताना लांबी वाढते, चार स्क्वेअरवर भागवू नका, सहाची घ्या. मीटर खालच्या खोलीत एकत्र असतील तर मात्र अंतर कमी, आधी तेच बघा. ताई, आता जमीन ओली आहे, रीडिंग चांगलंच येणार. नव्या खड्ड्याचं खरं रीडिंग एप्रिलच्या शेवटी घ्या, आणि इथे लिहा.


तुळशीवृंदावन | १८ सप्टेंबर

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आलं की २५ एप्रिलवर खूण करते.